तुझे राज्य येवो

भायखळ्याच्या आमच्या मराठी चर्चमध्ये घंटा वाजवणारे काका प्रभूची प्रार्थनाही मोर्चात असल्यासारखी म्हणत. सगळे 'तुझे राज्य येवो' म्हणून पुढे गेले, की मागच्या बाकावरून हे मूठ वळून तेवढंच पुन्हा म्हणायचे. पाळकसाहेब डोळे मिटूनच हसत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत धरपकड चालली होती. एका रविवारी साध्या कपड्यातला हवालदार उपासनाभर दाराशी उभा राहिला आणि बाहेर पडताना त्याने काकांना अडवलं.

"कुठलं राज्य मागताय हो?"

काकांनी टोपी काढून छातीशी धरली.

"देवाचंच, साहेब," ते अगदी नम्रपणे म्हणाले. "फक्त मुंबईसकट हवं."

हवालदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आमेन."