शपथेची पाच मिनिटं

माझे वडील कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. पेणच्या आमच्या घरात माझ्या शाळेच्या पुस्तकांनाही उरलेल्या पत्रकांचीच कव्हरं असत. त्यामुळे धाटावच्या कंपनीत शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा एवढं पक्कं होतं, की एक मिनिटही फुकट राबायचं नाही.

आम्ही रंगांना लागणारा कच्चा माल बनवायचो. मंदी आली आणि दुसरी पाळी बंद झाली. कित्येक महिने आम्ही गंजलेले पाइप घासत बसलो. मग ऑर्डरी परत आल्या, दुसरी पाळीही आली. एक गोष्ट मात्र आली नाही. पूर्वी जाणारा माणूस येणाऱ्याला रिअ‍ॅक्टरपाशी, म्हणजे रसायनं मिसळायच्या टाकीपाशी, नेऊन पंधरा मिनिटं सगळं समजावून द्यायचा. ती वेळ पगारात धरलेली असे. मंदीत ती कापली, ती कापलेलीच राहिली. कंपनीची बस तीनला आम्हा दुसऱ्या पाळीवाल्यांना उतरवायची आणि पहिल्या पाळीला घेऊन लगेच सुटायची.

माझ्या आधीच्या पाळीत दोन नंबरचा रिअ‍ॅक्टर सांभाळायचे ते वडखळकडचे एक काका. त्यांचे सगळे भाऊ आखातात गेलेले, हे एकटे इथे राहिलेले. एका दुपारी बसच्या पायरीवर आम्ही नुसते खांदे घासून गेलो. थंड करणारं पाणी कमी दाबाने येतंय, हे सांगायचं राहिलं. मी नेहमीच्या वेगाने अ‍ॅसिड सोडलं आणि टाकीतली अख्खी बॅच तापून काळी ठिक्कर पडली.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "उद्यापासून मी थांबतो. मागनं एसटीनं जाईन."

"फुकट?"

"फुकट तर फुकट. माझी ना नाय."

"माझी हाय."

"बापाचा पोरगा शोभतोस! पण बॅच काय तुझं पत्रक वाचते व्हय?"



मुंबईहून आलेल्या साहेबांचं या नासाडीचं निदान वेगळंच होतं. माणसांतला जोश गेलाय, म्हणे. त्यांनी नारिंगी टी-शर्ट वाटले आणि मला बोलावून घेतलं. तीन वाजता दोन्ही पाळ्यांनी गेटवर एकत्र शपथ घ्यायची, आणि ती मी लिहायची.

"तुझा हात चांगला आहे म्हणतात. ऐकून रक्त सळसळलं पाहिजे. तुझं कायम होण्याचं पत्र माझ्याच टेबलावर आहे, बरं का."

"आणि बस, साहेब?"

"पाच मिनिटं थांबेल की."

म्हणजे बस थांबू शकत होती.

शपथेच्या दिवशी सगळे नारिंगी होऊन उभे राहिले. मी कोरा कागद घडी करून खिशात घातला आणि समोरच्या रांगेत पाहिलं.

"काका, दोन नंबरला काय चालू हाय?"

काका क्षणभर गोंधळले. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "अर्धं अ‍ॅसिड गेलंय. पाण्याचा दाब आजपन कमी. घाई करशील तर बघ!"

मागून कोणीतरी ओरडलं, "पाच नंबरवाल्या, तुझा पंप गळतोय रे!" मग सगळ्या गेटवर तेच सुरू झालं.

"शपथ!" साहेब म्हणाले. "शपथ कुठे आहे?"

"हीच, साहेब," मी म्हणालो. "रोज घेऊ. पंधरा मिनिटं, पगारात धरून."

"चल आत," काका मला म्हणाले. "हितनं दाबाचं गेज दिसत नाय." दोन्ही पाळ्या मिळून आत गेल्या. ड्रायव्हरने बसचं इंजिन बंद केलं.

आठवड्याने फळ्यावर दोन नोटिसा लागल्या. बस यापुढे सव्वातीनला सुटेल आणि ती वेळ पगारात धरली जाईल, ही एक. माझी शिकाऊ मुदत सहा महिन्यांनी वाढवली आहे, ही दुसरी.

काकांनी दोन्ही वाचल्या. "आता काय रे?"

"आता दोन नंबरला काय चालू हाय, ते सांगा."