पाड्याने लावलेली होळी

रोह्याच्या शाळेत मी इतिहास शिकवते. अमेरिकेतल्या वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठल्या तो धडा आला, की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, एवढ्याशा चहासाठी लढाई?" यंदा एका मुलीने विचारलं आणि मी जरा जास्तच चिडले. "चहासाठी कोण मरतंय गं बाई!" पोरं हसली. त्यांना काय माहीत, मी तसलंच युद्ध घरात बसून पाहिलंय, तेही राजाच्या घरात जन्मून.

माझं माहेर म्हणजे पेणच्या खाडीकडचं मोठं गाव. सासर त्याच गावाचा पाडा, खाडीच्या अगदी तोंडाशी. कधीकाळी गावाने आपल्यातलीच काही घरं तिकडे नेऊन बसवली. काम एकच, भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध राखायचा. उधाणात बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की पहिलं चिखलाचं घमेलं पाड्याने टाकायचं. शेतं मात्र बहुतेक गावाची. पाडा वाढला, पण गावकीच्या बैठकीत त्याला जागा नव्हती. ठरायचं तिथे आणि निरोप यायचा इकडे. निरोप पाठवणारे मुख्य पंच म्हणजे माझे बाबा.

सासूबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "आला गो तुझ्या बापाचा हुकूम!" मी फणकारायचे, "मग बापालाच सांगा की!"

पण सांगणार कोण? पोटाला गाव लागायचं. मग पाड्यातली पोरं डोलवीला, धाटावला कंपनीत लागली. घरात पगार आला, दारात गाडी आली, आणि एकदम सगळ्यांना दिसायला लागलं की आपण बैठकीच्या दाराबाहेर उभे आहोत. मला वाटतं, बंड असंच होतं. उपाशी माणूस फार तर हात पसरतो. पोट भरलं की अपमान पचेनासा होतो.

माझे सासरे आणि पाड्यातली जाणती माणसं गावकीत गेली. म्हणाली, बांध आम्ही राखतो, तर आमचाही एक माणूस बैठकीत बसू दे. बाबा म्हणाले, "पाड्याला कसली गावकी? तुम्हाला आम्हीच बसवलाय ना तिथं?" आणि सगळी बैठक हसली. नकार पाड्याने गिळला असता हो, नेहमीसारखा. ते हसणं काही गिळवेना.

होळीची रीत अशी होती, की गावची होळी आधी पेटायची, तिच्यातलं जळतं लाकूड पाड्याला यायचं आणि त्यावर पाड्याची होळी लागायची. त्या शिमग्याला तिन्हीसांज झाली, तिकडे गावची होळी धडधडताना दिसत होती आणि लाकूड काही येईना. पुरणपोळ्या निवल्या. शेवटी निरोप आला, हात जोडून मागायला या, मग देऊ.

सासूबाई तरातरा घरात गेल्या आणि चुलीजवळची काडेपेटी आणून त्यांनी सासऱ्यांच्या हातात आदळली. "लावा! गावच्या इस्तवाचा धूर काय वेगला निघतो?"

सासरे होळीपाशी वाकले. पहिली काडी विझली, दुसरी लागली. मग जी बोंब उठली! मीही मारली, चांगली बापाच्या नावाने, आणि मारता मारता मधेच थांबले. कारण वैशाखात माझ्या लेकीचं लग्न होतं. मुलीच्या पाठीशी उभा राहायला मामा लागतो, आणि मामा गावात होता.

दुसऱ्याच दिवशी गावकीने ठरवलं, पाड्याशी येणंजाणं बंद, लग्नकार्य बंद. असं वाळीत टाकणं गुन्हा आहे, हे मी वर्गात शिकवते. पण बापाविरुद्ध तक्रार द्यायला जीभ रेटेना. भाऊ आणि माझा नवरा डोलवीला एकाच शिफ्टला. कंपनीच्या बसमध्ये दोघे शेजारी बसून वडापाव खायचे आणि फाट्यावर उतरले, की ओळख नसल्यासारखे आपापल्या रस्त्याला लागायचे. हसावं की रडावं! मी भावाला फोन केला, "लेकीच्या पाठीशी उभा राहशील ना रे?"

"बाबा नाय म्हणतात, ताई," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

इकडे पाड्याने आपली गावकी उभी केली. सासरे पहिले पंच. बायकांना अर्थातच कोणी बोलावलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "काडेपेटी कोणी आणली व्हती?" आणि जाऊन बैठकीत मधोमध बसल्या. त्यांना उठवायची छाती कोणाची?

पाडा खुशीत होता. मी पत्रिका वाटत फिरत होते आणि आतून झुरत होते. माझं म्हणणं पाड्यासारखंच होतं, पाडाच बरोबर होता. तरी मला माझी माणसं हवी होती.

लग्नाच्या सकाळी मांडवाच्या कडेला बाबा दिसले. मागे भाऊ. गावकीचा हुकूम बाबांनीच काढलेला आणि तो मोडून तेच आले होते. एरवी ते पाड्यात यायचे ते लांबूनच हाका मारत, कोणाच्याही पडवीत शिरून खाट ओढून बसत. त्या दिवशी ते बाहेरच थांबले. चपला काढल्या. सासऱ्यांकडे पाहून म्हणाले, "येऊ काय?"

सासरे उठले, पुढे गेले. "या पावनं, बसा."

खुर्ची आली. बाबा तिच्या टोकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. भाऊ लेकीच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. पाड्याला हवं होतं ते मिळालं, मलाही मिळालं. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाबांकडे गेले.

"राहू दे गो," ते म्हणाले, "कशाला उगाच तरास."

परक्या घरी माणूस म्हणतो तसं. मी तांब्या खाली ठेवला आणि भर मांडवात त्यांच्या गळ्यात पडून रडले.