आमच्या नाटकातली श्रीमंत करिष्मा

परवा आमच्या आरमोरीच्या शाळेत गॅदरिंग झालं... आणि नववीच्या नाटकानं माझा जीव टांगणीला लावला.

मी मराठी शिकवते. किशोरांच्या एका कादंबरीवरून मीच नाटक बेतलं होतं. बंगल्यातल्या पोरांची एक गँग, झोपडीतल्या पोरांची दुसरी, दोघांची कायम मारामारी... आणि शेवटी श्रीमंत गँगची लीडर सगळ्यांसमोर माफी मागते.

वर्गात दोन गँग आयत्याच आहेत. एक कॉलनीची, दुसरी तळ्याकाठच्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर मोहल्ल्याची. डबा खायलासुद्धा एकत्र बसत नाहीत. म्हटलं, भूमिका वाटायला कितीसा वेळ लागणार!

कसलं काय... कॉलनीच्या पोरांना गरीबच व्हायचं होतं, कारण टाळ्या गरिबांना. इंजिनियरांचा सोहम तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मॅडम, आमचा एसी बंद आहे."

करिष्माची आई बाजारात मासे विकते. ती म्हणाली, "गरीब तं आमी रोजच राह्यतो मॅडम. त्याच्यात का ॲक्टिंग करायची?" शेवटी मी हात टेकले आणि भूमिका उलट्या वाटल्या. श्रीमंतांची लीडर करिष्मा, गरिबांचा सोहम.

प्रयोगाला सोहम फाटकी जीन्स घालून आला... खास ऑनलाइन मागवलेली! करिष्मा बहिणीच्या लग्नातला शालू नेसून, वर गॉगल. स्टेजवर येताच तिनं माझे संवाद सोडले, हवेतला मासा चिमटीत उचलला आणि नाक मुरडून अगदी कॉलनीच्या मराठीत म्हणाली, "शी! कालचा दिसतोय हा!" सगळं ग्राउंड हसून लोटपोट. पहिल्या रांगेत सोहमची आई मात्र पदर सारखा करत बसली होती.

मग शेवट आला. सोहम कमरेवर हात ठेवून उभा... आणि करिष्मा गप्प. मी विंगेतून खुणावतेय, "माग ना माफी!"

ती माझ्याकडे वळली आणि माईकवरच म्हणाली, "काऊन मागू? जिंदगीत पयल्यांदा श्रीमंत झाली मी, अन् त्याच्यातबी माफी मीच मागू काय?"

मी पडद्याची दोरी शोधायला लागले.

सोहमनं एकदा आईकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "राहू दे. मीच मागतो... सॉरी." करिष्मानं गॉगल काढून त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. टाळ्या थांबेचनात.

नाटकात न्याय करायला निघाले होते मी, आणि वाकायचं काम पुन्हा हिच्याच वाट्याला दिलं होतं. बरं झालं गं करिष्मा, ऐकलं नाहीस माझं.