नकाशावर टाकलेला तांडा

मला इंटरनेटवर काहीबाही उकरून काढायची खोड आहे. विळ्यानं तूर सोंगताना कानात कुठल्या तरी बेटावरचा रेडिओ लावायचा. जगाचा गोळा बोटानं फिरवायचा, एखाद्या ठिपक्यावर थांबायचं, की तिथला माणूस आपल्या भाषेत बडबडायला लागतो. आई विचारायची, "काय समजून राहिलं त्यातलं?" काही समजत नाही. मजा येते, त्याला मी काय करू?

असंच एकदा चंद्राचा नकाशा सापडला. एकेका खड्ड्याला नाव! मग हौसेनं आमच्याकडचा नकाशा उघडला. सेनगाव आहे, पुसेगाव आहे, आणि आमचा तांडा हवा तिथं नुसतं तपकिरी रान. तळपायाची आग मस्तकात गेली. चंद्रावरच्या खड्ड्याला नाव, अन् आमी काय मेलो होतो?

त्या नकाशात आपणही नाव टाकू शकतो, हे मला ठाऊक होतं. जागा नेमकी कुठली धरायची म्हणून आज्याला विचारलं. आजा तांड्यातला सगळ्यात जुना माणूस. त्यानं बोट ठेवलं ते नाल्यापलीकडच्या चिंचेवर, देवीच्या ठाण्यापाशी. तिथं आता एकही घर नाही. डांबरी सडक झाली तसे सगळे वर माळावर येऊन राहिले, ते माझ्या जन्माआधीच. पण आमच्यात कोणी त्याला तांडा हलला असं म्हणत नाही. आजा म्हणाला, "तांडा खालीच हाय. आमी वर राहून राहिलो." लहानपणापासून हेच ऐकलेलं, त्यामुळं मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. चिंचेवर खूण केली, देवळाचा फोटो टाकला. काही दिवसांनी नाव झळकलं, तर मी तांडाभर फोन नाचवत फिरले.

सोयाबीन काढायचे दिवस होते. वहिनीला आठवा महिना. भाऊ माल घेऊन हिंगोलीला गेलेला, बाकीची गडीमाणसं रानात. दुपारी वहिनी चुलीपुढून उठली आणि भिंत धरून खालीच बसली. लुगडं भिजलेलं. पाण्यात रक्त होतं.

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पत्ता विचारला. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी ऐटीत म्हणाले, "नकाशात टाका ना मॅडम, आमच्या तांड्याचं नाव बराबर येतंय."

मग वाट बघणं. मी सडकेवर जायची, पुन्हा घरात. आई वहिनीच्या पोटऱ्या चोळत होती आणि माझ्याकडं बघत होती. वहिनी दर कळेला विचारायची, "आली का गं?" मी म्हणायची, "येऊनच राहिली."

अर्ध्या तासानं फोन वाजला. ड्रायव्हर होता. "ताई, मी पोचलो. पण इथं तर माणूसच नाही. एक देऊळ अन् चिंच दिसून राहिली."

मी खूण केली होती ती हीच चिंच.

"तिथून माघारी फिरा, सडकेनं वर या," मी ओरडले. तो म्हणाला, "कसं येऊ ताई? मागचं चाक काळ्या मातीत रुतलं."

आईला एवढंच सांगितलं, की गाडी खाली अडकली. काहून अडकली ते नाही सांगितलं. आईनं दोन्ही काकूंना हाका मारल्या, आम्ही वहिनीला बाजेवर घेतलं आणि चौघींनी चार पाय धरून पायवाटेनं उतरायला लागलो. नाल्यात गुडघाभर पाणी होतं. मधोमध माझा पाय शेवाळावरून सटकला. बाज माझ्या अंगाला तिरपी झाली, वहिनीची कंबर पाण्याला लागली आणि ती किंचाळली. काकूनं मला जी शिवी घातली ती इथं लिहिण्यासारखी नाही. बरं झालं घातली, तिच्यानंच मी सावरले.

ड्रायव्हर समोरून पळत आला. गाडीत डॉक्टर बाई होत्या. चाक रुतलेलंच होतं, त्याच गाडीत, चिंचेखाली, वहिनी बाळंत झाली. लेकरू निळसर, गप. बाई त्याची पाठ चोळत होत्या, नळीनं तोंडातलं काढत होत्या. मी दाराशी उभी राहून मनात एकच म्हणत होते, रड, माझे माय, रड. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक बारीकसा आवाज आला आणि मी तिथंच चिखलात बसले.

रानातली माणसं धावत आली, त्यांनी गाडी ढकलून काढली. दोघी मायलेकी दवाखान्यात राहून आठवड्यानं घरी आल्या. तोवर तांड्यात वेगळीच गोष्ट तयार झालेली. आज्यानं ठाण्यावर नारळ फोडला. "देवीनंच गाडी खाली बोलावली. किती वर्षांनी लेकरू तांड्यात जन्मलं!" येईल त्याला हेच सांगायचा, आणि ऐकणारे हात जोडायचे. मीही जोडले. लाज वाटते, पण जोडले. मला सुटका हवी होती, ती देवीच्या नावानं आयतीच मिळाली होती.

वहिनीपुढं मात्र ते निभेना. एका सकाळी वहिनी पोरीला तेल लावत होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणाले, "वहिनी, देवीनं न्हाई बोलावली गाडी. ते नाव तिथं म्या टाकलं होतं."

तिनं मान वर केली नाही. "मला माहीत हाय. गाडीतच कळलं. डायवर बाईला म्हणाला, ताईनं सांगितलेल्या नकाशानंच आलो. म्या कोणापाशी बोलले न्हाई."

मला रडू फुटलं. ती माझी समजूत घालेल, असं मला वाटलं होतं. तिनं घातली नाही. पोरीचा पाय सरळ करत म्हणाली, "बाज तिरपी झाली ना पाण्यात, तवा म्या हिची आस सोडली होती. मनातल्या मनात हिला जा म्हणले. आता हिला पाजताना रोज ते आठवतंय. तुला हे माहीत असावं म्हणून सांगून राहिले."

तिनं तेलाचा हात पदराला पुसला आणि माझा फोन माझ्यापुढं सरकवला.

"आण ते नाव वर. आत्ता, माझ्यासमोर."