लाल गाडीची शीळ

उताराच्या रस्त्यावर, वळण संपतं तिथे, कानसेनचं गॅरेज होतं. पुढे गॅरेज, मागे राहायच्या दोन खोल्या आणि दोन्हींच्या मधे एक दार. पुढे तो गाड्या खोलायचा आणि मागे खिडकीपाशी त्याची बायको शिलाई मशीन चालवायची. हात दोघांचेही दिवसभर तेलाचेच. फक्त तिचं तेल पातळ आणि याचं काळंकुट्ट.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने त्याला हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. गाडी दारात येऊन उभी राहिली की तो हातातला पाना खाली ठेवायचा, मान जराशी तिरकी करायचा, डोळे मिटायचा आणि बॉनेट उघडायच्या आधीच दुखणं सांगून मोकळा व्हायचा. पाण्याचा पंप कुरकुरतोय, व्हॉल्व्ह सैल झालाय, असं काहीतरी. खोलून बघावं तर नेमकं तेच निघायचं. एकदा त्याच्या मेहुण्याने फजिती करायची म्हणून इंजिनाच्या एका कोपऱ्यात सुटा नट टाकून गाडी आणली. कानसेनने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. आणणाऱ्याचा एक स्क्रू ढिला आहे." तेव्हापासून मेहुणा त्याच्या वाटेला गेला नाही.

साठी ओलांडल्यावर मात्र एक गोष्ट घडू लागली. बारीक आवाज त्याला सोडून चालले. जाड आवाज सगळे जागच्या जागी होते. ठोका, घरघर, खडखड, काही कमी झालं नव्हतं. पण किरकिर, चिवचिव, शिट्टी ही मंडळी कधी उठून गेली ते त्याला कळलंच नाही. लेक फोनवर नातीला बोलायला लावायची, तेव्हा त्याला नुसता श्वास लागल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं. त्याने फोनला दोष दिला, मग फोन बदलला, मग हवेला दोष दिला. शेवटी एकदा केटलीच्या तोंडातून वाफ जोरात निघताना दिसली आणि शिट्टी मात्र आली नाही, तेव्हा त्याला काय ते उमगलं.

तो कुणाला काही बोलला नाही. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं त्याने ठरवलं. कानसेन म्हणून ज्याला सगळं गाव ओळखतं, त्याने ऐकू येत नाही म्हणून कसं सांगायचं? सांगितलं तर मागे उरतं काय? म्हणून तो बोटांवर काम भागवू लागला. इंजिनावर तळहात ठेवून थरथर ओळखायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बहुतेक वेळा जमून जायचं.

बायकोलाही पत्ता लागला नाही आणि त्यात नवल काही नव्हतं. नवऱ्याने हाकेला ओ दिली नाही, तर त्याला ऐकू येत नाही असं कुठल्याच बायकोच्या मनात येत नाही. तो ऐकत नाही, असंच तिला वाटतं.

असं सगळं झाकून चाललेलं असताना ती लाल गाडी आली.

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. बुटकी, लांब नाकाची, दोनच सीटची, छत मागे दुमडता येणारी. अशा गाड्या आता कुणी बनवत नव्हतं. कानसेनने तरुणपणी अशी गाडी एकदाच हाताळली होती, त्यामुळे ती दारात येताच तो कपड्याला हात पुसत पुढे झाला. डॉक्टरीणबाई पांढऱ्या आखूड केसांच्या, मोठ्याने हसणाऱ्या. त्यांनी सांगितलं की गाडी हल्लीच घेतली आहे. मुलं मार्गी लागली, म्हटलं आता आपण मार्गाला लागावं.

तक्रार एकच होती. इंजिन तापलं आणि गाडी सिग्नलला उभी राहिली, की आतून आवाज यायचा. कसा आवाज, असं कानसेनने विचारलं, तेव्हा बाई जरा घुटमळल्या.

"बारीक," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "माझी धाकटी बहीण म्हणते, फार त्रास होतो."

कानसेनने इंजिन तापू दिलं, मान तिरकी केली, डोळे मिटले. इंजिनाचा जाड, गोड सूर त्याच्या कानात भरला. त्यापलीकडे काही नाही. तिथल्या तिथे खरं सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण बाई मोठ्या आशेने बघत होत्या, आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "हं. पट्टा घासतोय."

त्याने पट्टा बदलला. बाई खुशीत गेल्या आणि थोड्याच दिवसांत परत आल्या. बहीण म्हणत होती, आवाज तसाच आहे. कानसेनने पुन्हा डोळे मिटले आणि या वेळी पुलीच्या बेअरिंगवर खापर फोडलं. नवं बेअरिंग बसवून झाल्यावर त्याने बाईंना विचारलं, आता गेला ना आवाज? बाईंनीही कान देऊन ऐकलं आणि गेला की, अगदी गेला, असं सांगितलं. दोघांनाही हायसं वाटलं.

तिसऱ्यांदा बाई आल्या त्या बहिणीचा निरोप घेऊनच. आवाज बंद होईपर्यंत मी या गाडीत पाऊल ठेवणार नाही, असं तिने बजावलं होतं.

त्या सकाळी गॅरेजमध्ये दुसरी गाडी नव्हती. कानसेनने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि दोघंही दोन बाजूंनी वाकून उभे राहिले.

"येतोय ना आता?" कानसेनने विचारलं.

"येतोय थोडा थोडा."

"इकडून?"

"हो, इकडूनच."

कानसेन पलीकडे गेला. "की इकडून?"

"हो, तिकडूनही आहे बरं का," बाई म्हणाल्या आणि दोघांनी गंभीरपणे मान डोलावली.

तेवढ्यात मधल्या दारात त्याची बायको येऊन उभी राहिली. गळ्यात मोजपट्टी, बोटांत सुई, कपाळावर आठी.

"अहो, किती वेळ ती शीळ चाललीय? बंद करा एकदाची. माझे टाके चुकतायत."

"कुठली शीळ?" कानसेन आणि डॉक्टरीणबाई एकदमच म्हणाले.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाला काय कळलं ते दोघांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. आधी हसू फुटलं ते बाईंना. त्या गाडीच्या दाराला धरून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनीच सांगून टाकलं. दात कोरायचं यंत्र आयुष्यभर त्यांच्या कानापाशी किंचाळत आलं होतं. त्या यंत्रापायी बारीक आवाज केव्हाच गेले. पण बहीण धाकटी असून आईसारखी वागते. तिला कळलं तर ती घर डोक्यावर घेईल, म्हणून इतके दिवस त्या 'हो, येतो आवाज' म्हणून वेळ मारून नेत होत्या.

"आणि तुम्ही हो?" त्यांनी कानसेनला विचारलं.

कानसेनने उत्तर बाईंना दिलं नाही. तो बायकोकडे बघत होता. तिच्या कपाळावरची आठी गेली होती आणि तिने सुई ब्लाउजला टोचून ठेवली होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"नात बोलायला लागली, साधारण तेव्हापासून. तिचा आवाज कसा आहे ते मला माहीतच नाही."

बायको दोन पावलं पुढे आली. मग म्हणाली, "आणि मागच्या महिन्यात मी तुमच्याशी अबोला धरला होता, तो?"

"धरला होतास?" कानसेन म्हणाला. "मला कळलंच नाही."

तिला रागवायचं होतं, पण ओठ काही ऐकेनात. तीही हसायला लागली, आणि कानसेनच्या छातीवरचं ओझं, जे त्याने एवढी वर्षं एकट्याने वाहिलं होतं, ते त्या हसण्यात कुठे घरंगळून गेलं ते त्याला समजलंही नाही.

"बरं, आता रडत बसू नका," बायको म्हणाली, खरं म्हणजे कुणीच रडत नव्हतं. "कान माझे घ्या, हात तुमचे चालवा. काय करायचं ते सांगा."

मग काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. कानसेनने तिला शीळ कशी आहे ते विचारलं. दातांच्या फटीतून कुणी शीळ घालावी तशी, ती म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंनी अशा पेशंटची आपल्याला चांगली ओळख असल्याचं सांगितलं. त्याने पट्ट्यावर पाणी शिंपडलं. पट्ट्याचा आवाज असेल तर पाण्याने क्षणभर तरी बदलतो. बदलला नाही. क्लचमधून येत असेल तर दाबल्यावर बदलेल, म्हणून बाईंना आत बसवून क्लच दाबायला लावला. शीळ चालूच. मग त्याने रबरी नळीचा एक तुकडा बायकोच्या हातात दिला, एक टोक कानाशी धरायला सांगितलं आणि दुसरं टोक स्वतः इंजिनाभोवती फिरवू लागला. डॉक्टरांनी छाती तपासावी तशी ती तपासणी चालली. पुढे कमी, मधे कमी, आणि मागे, जिथे इंजिनाला गिअरबॉक्स जोडलेला असतो, तिथे बायकोने चटकन नळी कानावरून काढली.

"इथे आहे. कानठळ्या बसतात."

कानसेनचा चेहरा उतरला. तिथे पोचायचं म्हणजे सगळा गिअरबॉक्स उतरवायचा. हात गुंतून राहावेत म्हणून त्याने तेल बघायची पट्टी उपसली आणि कापडाने पुसू लागला.

"थांबली," बायको म्हणाली.

"काय थांबली?"

"शीळ. तुम्ही आत्ता काय केलंत?"

कानसेनने पट्टी परत खुपसली. "आली," ती म्हणाली. उपसली. "गेली." तिघंही इंजिनावर ओणवी झाली होती. कानसेनने पट्टी परत बसवली आणि आता तेल भरायच्या झाकणाला हात घातला. झाकण फिरलं, पण वर येईना. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. जोर लावून त्याने ते उचकटलं, भोकावर तळहात ठेवला, तर हात आत ओढला गेला. आणि तिथे उभ्या उभ्या त्याला सगळं उलगडलं. ते कानांनी नव्हे, तळहाताने.

"नाक," तो म्हणाला. "हिचं नाक बिघडलंय."

त्याने दोघींना समजावून सांगितलं. इंजिनाच्या पोटातली वाफ थोडी थोडी बाहेर घ्यायला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तेच तिचं नाक. त्यात रबराचा पातळ पडदा असतो आणि ओढ किती द्यायची ते तो पडदा ठरवतो. पडदा फाटला की ओढीला धरबंद राहत नाही. मग पोटात हवा कमी पडते, आणि जिथून मिळेल तिथून इंजिन ती आत खेचतं. इथे ती मागच्या, तेल अडवणाऱ्या सीलच्या कडेने शिरत होती, शीळ घालत. पट्टी उपसली की हवेला मोकळं दार मिळायचं आणि शीळ बंद पडायची. गिअरबॉक्सचा यात काहीच दोष नव्हता.

व्हॉल्व्ह खोलला तेव्हा पडद्याला कडेने फट पडलेली दिसली. बायकोने तो उजेडात धरला आणि म्हणाली, "ही तर शिवण उसवलीय."

नवा पडदा मिळायला वेळ लागला, कारण गाडी जुनी. पण तो आला, बसला, आणि बायकोने नळी फिरवून फिरवून ऐकल्यावर निकाल दिला की गाडी गप्प आहे. धाकटी बहीण जातीने तपासायला आली. तिने डॉक्टरीणबाईंना लागतील तेवढ्या सिग्नलांवरून फिरवलं, परत येऊन गाडीतून उतरली आणि फक्त "बरं झालं" म्हणाली. ताईने मग तिला कानांचं सांगितलं. ती घर डोक्यावर घेईल ही भीती खोटी निघाली. तिला ते कधीचंच माहीत होतं. ताई किती दिवस लपवते ते ती बघत होती.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी कानसेनला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, आणि स्वतःही तपासून घेतलं. गाडीत सीट दोनच, त्यामुळे जाताना बायको बाईंच्या शेजारी लाल गाडीत बसली, डोक्याला रुमाल बांधून, छत उघडं टाकून. आणि कानसेन मागून बसने गेला. वळणावर त्या दोघींनी त्याला हात केला तेव्हा तो बसच्या खिडकीतून स्वतःशीच हसला.

कानात यंत्र बसलं त्या दिवशी त्याने घरी येऊन आधी लेकीला फोन लावला. नात काहीतरी सांगत होती, तिच्या बुटाविषयी, बराच वेळ. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. फोन ठेवल्यावर बायकोला म्हणाला, "अगं, आवाज तुझ्यावर गेलाय. भांडेल चांगली."

गॅरेजमध्ये आता लोक आधी बायकोला विचारतात. शीळ, किरकिर, चिवचिव तिच्याकडे; ठोका, घरघर त्याच्याकडे, अशी वाटणी झाली आहे, आणि यंत्र आलं तरी ती त्यांनी मोडलेली नाही. यंत्र बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कानसेन एकटाच कामाला लागला होता. घरातली दारं, खिडक्या, कपाट, तिच्या मशीनचं पायडल, सगळं किती कुरकुरतंय हे त्याला पहिल्यांदाच ऐकू येत होतं. तेलाची कुपी घेऊन तो एकेका बिजागरीला तेल घालत निघाला. मधल्या दारापाशी पोचला तेव्हा बायकोने त्याच्या हातातून कुपी काढून घेतली.

"हे एक राहू दे," ती म्हणाली. "तुम्ही आत आलात ते मला कळायला नको?"