कुखू नासांबूचा कोंबडा

कुखू नासांबूच्या कोंबड्यांना अंगण कळतं, कुंपण कळत नाही. सकाळी ती मक्याच्या पिठाच्या शिळ्या उगालीचा गोळा कुस्करून टाकते, दार उघडते, आणि मग दिवसभर त्या सगळ्या आळीच्या असतात. त्यांनी कुणाचा चवळीचा वाफा उकरला तर ती माफी मागत नाही. कुदळ घेऊन येते, नवं बी पेरते आणि वर सांगते, "पाटी लावून ठेव. माझ्या कोंबड्या वाचायला शिकल्या की बघू." कुखू म्हणजे आजी. माझी सख्खी नव्हे, शेजारची. पण आमच्या बुकुसू लोकांत शेजारची आजीही हक्कानं रागावते.

मी सोलर पॅनल बसवतो. तंत्रनिकेतनात शिकलेला असल्यामुळे मला तिची रीत गावठी वाटायची. ती आपली पाखरं तोंडावरून ओळखते. मी एका संध्याकाळी माझ्या खुराड्यात जेवढी बसली होती, त्या सगळ्यांच्या पायांत वायरी बांधायचे लाल केबल टाय अडकवले आणि तिला ऐकवलं, "आता भांडण मिटलं. लाल टाय दिसला की ते माझं."

तिनं पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शिकलेला आहेस बाबा," म्हणाली. मला ते कौतुक वाटलं.

पुढच्याच महिन्यात नाफुलाचे वडील सिताती आमच्याकडे यायचे ठरले. नाफुला मला द्यायची की नाही, हे त्या जेवणावर ठरणार होतं. आमच्यात अशा पाहुण्यापुढे अख्खा कोंबडा येतो आणि त्याच्या पोटातला पेटा मानाच्या पुरुषाच्या ताटात पडतो. पेटा चुकला की सोयरीक तुटली.

त्या सकाळी मी खुराडं बंद ठेवायला विसरलो. मग इस्त्रीच्या पँटीत लाल टायवाल्या कोंबड्यामागे आळीभर धावलो. बायका नळ सोडून बघायला आल्या. "अरे, सासऱ्यासाठी एवढा धावतोस, तर बायकोसाठी किती धावशील!" शेवटी तो मक्याच्या कणगीखाली सापडला.

सिताती जेवायला बसले आणि कुखू दारात उभी राहिली.

"खाएम्बा, माझा कोंबडा दिसला का रे? पांढऱ्या मानेचा. रात्री तुझ्या कोंबड्यांत झोपायला जातो, लोचट कुठला."

स्वयंपाकघरामागे पांढरी पिसं उडत होती. टाय अडकवले त्या संध्याकाळी माझ्या खुराड्यात कोण कोण पाहुणं होतं, हा प्रश्न माझ्या शिकलेल्या डोक्याला तेव्हा पहिल्यांदा पडला.

सितातींनी पेटा उचलला. "चांगला पोसलाय. घरचाच ना?"

हो म्हणालो तर चोर. नाही म्हणालो तर पाहुण्याला चोरीचं वाढणारा चोर. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही. कुखूचा आहे."

सितातींचा हात थांबला.

"माझाच," कुखू आत येत म्हणाली. "मीच दिला. याची मरतुकडी पाखरं तुमच्या ताटात शोभली असती का?"

दारातला तिचा प्रश्न सितातींनीही ऐकला होता. तरी ते म्हणाले, "ज्याला शेजारीण आपला कोंबडा देते, त्याची आणखी कुठे चौकशी करू?" आणि त्यांनी पेटा तोंडात टाकला.

कुखू दाराशी बसून उगाली आणि पालेभाजी जेवली. तिच्या पिढीच्या बायका कोंबडी खात नाहीत. तिनं आयुष्यभर कोंबड्या फक्त वाढवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा सगळ्यात देखणा कोंबडा काखेत धरून मी तिच्या दारात गेलो. "कुखू, हा घे. माझ्याकडचा सगळ्यात उत्तम आहे."

तिनं त्याची मान वळवून तोंड पाहिलं.

"हासुद्धा माझा आहे."

"मग माझा कुठला?"

तिनं हनुवटीनं पेरूच्या झाडाखाली दाखवलं. तिथे एक लंगडी कोंबडी माती उकरत होती. "ती. आणि ती मला नको."

मी तिथेच पायरीवर बसून पक्कड काढली आणि तिच्या कोंबड्याचा टाय कापायला घेतला.