बुरैद्यातलं कौतुक

देवदत्त पाटणकरला तक्ते फार आवडत. रियाधच्या ऑफिसात त्याच्या मागची भिंत रंगीत पट्ट्यांच्या तक्त्यांनी भरलेली असे. प्रोजेक्ट रखडला तरी तक्ता देखणाच असायचा.

मग दोन हजार सहा साली गिरीश नावाचा नवा बॉस आला. तो म्हणाला, "तक्त्यांचे दिवस गेले. आता प्रोजेक्ट मॅनेजरने माणसं जिंकायची." आणि देवदत्तला थेट ट्रेनिंगला पाठवलं. तिथे त्याला एकच गोष्ट कळली: भेटल्याबरोबर कौतुक करावं.

जिंकायचा गड होता बुरैदा शहरात. खजुराचे बडे व्यापारी अबू यासीन यांच्याकडे कंपनीने हिशेबाचा कॉम्प्युटर बसवून दिला होता, पण त्यांचा जुना हिशेबनीस वहाब त्याला हात लावेना. हंगामाआधी सिस्टिम सुरू झाली नाही तर देवदत्तचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रिन्यू होणार नव्हता. म्हणजे बायकोसकट बाडबिस्तरा गुंडाळून सांगलीला.

अबू यासीनना फक्त अरबी येई. दुभाष्या कोण, तर रत्नागिरीचा हाच वहाब. देवदत्तने बसल्या बसल्या चांदीच्या धूपदाणीचं कौतुक केलं. वहाबने मख्ख चेहऱ्याने भाषांतर केलं आणि धूपदाणी देवदत्तच्या मांडीवर आली. ट्रेनिंगचा गुण बघा, असं वाटून त्याने अंगणातल्या बोकडाचं कौतुक केलं.

बोकड कंपनीच्या कोरोलात मागच्या सीटवर बसवण्यात आला. देवदत्त सात पिढ्यांचा शाकाहारी. त्याने घरी फोन केला तेव्हा बायको मीनाक्षी एवढंच म्हणाली, "फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, हे त्याला सांगितलंस का?"

"सायब, हितं चीज आवडली बोललाव की ती देतात," वहाबने आता सांगितलं. "नको बोललाव तर अपमान."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुमी इचारलाव कुठं?"

देवदत्त स्वतःला काही कमी शहाणा समजत नव्हता. वस्तूंना हात लावायचाच नाही, त्याने ठरवलं, माणसाचं कौतुक करायचं. माणूस काही कोणी उचलून देत नाही. तो आत जाऊन म्हणाला, "तुमचा हा वहाब म्हणजे हिरा आहे. असा माणूस आम्हाला कुठून मिळणार?"

स्वतःच्या कौतुकाचं भाषांतर करताना वहाबची जीभ चारदा अडखळली. अबू यासीन मनापासून हसले, उठले आणि त्यांनी वहाबचा हात देवदत्तच्या हातात दिला. "हंगाम संपेपर्यंत हा तुझा. तू सांगशील ते करेल. खलास!"

ज्याने आजवर कॉम्प्युटरकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तो आता सूड उगवणार, यात देवदत्तला शंका नव्हती. गोदामाकडे जाताना वहाब पुढच्या सीटवर बसला होता. मागे बोकड सीटबेल्ट चघळत होता.

"सायब," वहाब एकदम म्हणाला, "जवानी गेली हितं. माजा कवतिक आजवर कोनी केला नाय. उद्यापास्ना बसतंय मी त्या कॉम्प्युटरवर." मग हळूच विचारलं, "तुमी बोललाव ता खरा ना?"

देवदत्तला फार लाज वाटली. हा माणूस दिवसभर काय करतो, हे त्याला ठाऊकही नव्हतं.

"खरं," तो म्हणाला, आणि गाडी बाजूला घेतली. "वहाबभाय, सकाळी आल्यावर तुम्ही आधी काय करता, ते सांगा बघू."

वहाब सांगत राहिला, आणि देवदत्त ऐकत राहिला.